चवथीच्या रात्री सहा एक-स्टार: ॲपचे रिव्ह्यू विक्रीवर कसे उतरतात आणि आपण काय करायचे

आमच्या ॲपमध्ये आरत्या आहेत. घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांवर गोव्यात घरोघरी म्हणतात त्या, शब्दांसकट. वाचायला फुकट. रेंज नसतानाही सगळ्या आरत्या हाताशी हव्या असतील तर एकदाच ९९ रुपये भरायचे. वर्षभर हे ॲप झोपलेले असते, श्रावणात जागे होते आणि वर्षाची बहुतेक विक्री चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आगेमागे होऊन जाते.

एका वर्षी चवथीच्या दोन दिवस आधी मी अपडेट सोडला. पैसे भरलेल्या माणसाची ओळख पटवणारा भाग मी बदलला होता आणि त्याला नकळत इंटरनेट लागू लागले होते. फोंड्याला माझ्या टेबलावर सगळे छान चालले. वाळपईच्या पलीकडे, जिथे रेंजसाठी अंगणाच्या टोकाला जावे लागते, तिथे माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, उभ्या असलेल्या मंडळींना कोरा स्क्रीन दिसला. रात्री झोपेपर्यंत सहा एक-स्टार जमले होते. त्यातला एक कोकणीत होता: “उगडना. पयशे फुकट गेले.”

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. विक्री मात्र विसर्जन होईपर्यंत सावरली नाही. ज्यांच्याकडे ॲप व्यवस्थित चालत होते त्यांना काही कळलेही नाही. पण जे नव्याने प्ले स्टोअरवर येत होते ते पहिलेच वाक्य वाचून परत जात होते. त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने मांडतो. तुमचे ॲप भजनाचे असो, होमस्टेच्या हिशेबाचे असो की दहावीच्या सरावाचे, पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: आपला हिशेब कागदावर करा

समजा तुमच्या ॲपला ४० जणांनी रेटिंग दिले आहे आणि सरासरी ४.६ आहे. सहा जणांनी एकेक स्टार दिला की साधी सरासरी ४.१ वर येते. परत ४.६ गाठायला किती पाच-स्टार लागतील? चोपन्न. सहा जणांचा राग फेडायला चोपन्न जणांचे कौतुक! हेच सहा एक-स्टार ४०० रेटिंग असलेल्या ॲपवर पडले तर सरासरी ४.५ च्या आसपास राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

गोव्यासाठी ॲप करणाऱ्याने हे गणित उशाशी ठेवावे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साधारण १४.६ लाख होती. त्यातले स्मार्टफोनवाले किती, त्यातले आपल्या विषयात रस असलेले किती आणि त्यातले रेटिंग देण्याची तसदी घेणारे किती, हे धरत गेलात की आपण कायम चाळीस-पन्नासच्या घरात का राहतो ते कळते. इथे एकेक माणूस मोजला जातो.

साधी सरासरी हे पूर्ण चित्र नाही. ऑगस्ट २०१९ पासून गुगल प्लेवर अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन मिळते. नेमके सूत्र गुगलने जाहीर केलेले नाही, पण परिणाम दोन्हीकडून होतो. जुनी पुण्याई लवकर संपते आणि जुनी पापेही लवकर धुतली जातात. ॲपलच्या ॲप स्टोअरवर वेगळी सोय आहे. नवी आवृत्ती सोडताना एकूण रेटिंग शून्यावर आणता येते, मात्र लिहिलेले रिव्ह्यू तसेच राहतात. मी ही सोय कधी वापरलेली नाही. रेटिंगच नसलेले ॲप हे वाईट रेटिंगच्या ॲपइतकेच संशयास्पद दिसते, असे मला वाटते.

दुसरी पायरी: दुकान गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा

आपण ॲपवाले रोज प्ले कन्सोल (ॲप बनवणाऱ्यांसाठीचे गुगलचे पान) उघडतो, गिऱ्हाईक प्ले स्टोअर उघडते. या दोन्हींत फरक आहे. दुसऱ्या कोणाचा तरी फोन घ्या, आपल्या ॲपचे नाव न टाकता विषय टाकून शोधा आणि यादी पाहा. नावाशेजारी स्टार दिसतात. त्या यादीत तुमच्यावर आणि तुमच्याखाली जे आहेत त्यांच्याशी तुमची तुलना तिथल्या तिथे होते. ४.२ वाईट नाही, पण वरचा ४.५ आणि खालचा ४.६ असेल तर ते वाईट दिसते. मग ॲपचे पान उघडा आणि न स्क्रोल करता कोणते रिव्ह्यू दिसतात ते वाचा. ते दोन-तीन रिव्ह्यू हेच तुमचे खरे दर्शनी दार.

आता आपल्याकडची खास गोष्ट. नोव्हेंबर २०२१ पासून गुगल प्लेवर फोन वापरणाऱ्याला त्याच्या खात्याच्या देशातले रेटिंग दिसते. नंतर टॅबलेटसारख्या उपकरणांसाठीही वेगळे रेटिंग दाखवायला सुरुवात झाली. ॲपलकडे तर रेटिंग देशागणिकच असते. आपली निम्मी माणसे कुवेत, दुबई, लंडन, लिस्बन इथे आणि आरत्या सर्वांत जास्त लागतात त्यांनाच, कारण घरी सांगायला भटजी नाही आणि आजीही नाही. ज्याच्या खात्याचा देश कुवेत आहे त्याला म्हापशातल्या माणसाने दिलेले पाच स्टार दिसत नाहीत. तिथल्या एखाद्या नातेवाइकाकडून स्क्रीनशॉट मागवा. माझ्या मामेभावाने पाठवला तेव्हा इथल्या आणि तिथल्या आकड्यात चांगलेच अंतर निघाले. तिकडच्यांची तक्रारही वेगळी होती: पंचांगाच्या वेळा भारतातल्या, तिथल्या नव्हेत.

तिसरी पायरी: स्टारांचा धाक किती धरायचा ते ठरवा

संशोधन काय सांगते? ज्युडिथ शेव्हेलिए आणि डीना मेझ्लिन यांनी २००६ मध्ये पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक-स्टारचा फटका पाच-स्टारच्या फायद्यापेक्षा मोठा असतो, असे त्यांना दिसले. माझ्या चोपन्नच्या हिशेबात हे आणखी वर घाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये मांडले की एकही रिव्ह्यू नसलेल्या वस्तूपेक्षा पाच रिव्ह्यू असलेली वस्तू विकत घेतली जाण्याची शक्यता २७० टक्क्यांनी जास्त असते. खरेदीची शक्यता सर्वाधिक असते ती ४.० ते ४.७ या पट्ट्यात. पाचाच्या जवळ गेले की ती उलट कमी होते. लोकांना फार गोड कौतुक खपत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात “सगळे एक नंबर” म्हणणाऱ्याकडून आपण सोलां (आमसुले) तरी घेतो का?

हार्वर्डच्या मायकेल लुका यांचा सिएटलमधल्या रेस्टॉरंटांवरचा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटला. येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते, पण हे फक्त स्वतंत्र, लहान रेस्टॉरंटांच्या बाबतीत. साखळीच्या रेस्टॉरंटांवर परिणाम दिसला नाही. पुस्तके आणि खानावळी म्हणजे ॲप नव्हे, हे मान्य. पण अर्थ सरळ आहे: ज्याला लोक आधीच ओळखतात त्याला रिव्ह्यूची गरज कमी. बँकेच्या ॲपला तीन स्टार असले तरी खाते तिथेच असल्यामुळे आपण ते घेतोच. तुमच्या-माझ्या ॲपला ओळखणारे कोणी नाही, आपल्या वतीने बोलतात ते रिव्ह्यूच.

म्हणून सुरुवातीचे लक्ष्य पाच स्टारचे ठेवू नका. पहिली पाच-दहा खरी, वाक्यात लिहिलेली मते मिळवा आणि मग ४.३ च्या वर टिकून राहा. ४.३ हा माझा आकडा आहे, शास्त्राचा नव्हे.

चौथी पायरी: रिव्ह्यूंचे ढीग करा

प्ले कन्सोलमध्ये रिव्ह्यू ॲपच्या आवृत्तीनुसार, फोनच्या मॉडेलनुसार, अँड्रॉइडच्या आवृत्तीनुसार आणि भाषेनुसार चाळता येतात. रोज एकेक वाचून मन खट्टू करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सगळे एका कागदावर उतरवा आणि चार ढीग करा: उघडत नाही, पैशांचे भांडण, नवीन काहीतरी हवे, गैरसमज.

पहिल्या दोन ढिगांचे काय करायचे ते सांगायला नको, आजच दुरुस्त करा. तिसऱ्याला वही ठेवा. सगळ्यांचे सगळे ऐकत बसलात तर ॲपचा बाजार होईल.

चौथा ढीग मात्र सोन्याचा. आम्हाला दोन-दोन स्टार देऊन लोक लिहीत होते, “चाल ऐकू येत नाही.” ऐकू येणारच नव्हती, ॲपमध्ये ध्वनी नाहीच. दोष त्यांचा नव्हता. पहिल्या स्क्रीनशॉटवर मी घुमटाचे मोठे चित्र लावले होते, ते पाहून कोणालाही वाटेल की वाजणार. चित्र बदलले आणि लहान वर्णनात लिहिले: “आरत्यांचे शब्द, रेंजशिवाय. ध्वनी नाही.” प्ले स्टोअरवर नावाला ३० आणि लहान वर्णनाला ८० अक्षरे मिळतात, एवढ्यात हे आरामात बसते. त्यानंतर ती तक्रार जवळजवळ थांबली. डाउनलोड थोडे कमी झाले असतील, पण आले ते रागावून परतले नाहीत. प्ले स्टोअरवर मराठी वर्णन वेगळे भरता येते, ते जरूर भरा. लोकांची कौतुकाची वाक्ये मात्र नावाशिवाय वर्णनात चिकटवू नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही.

पाचवी पायरी: उत्तर वाचणाऱ्यासाठी लिहा

माझ्या मते विक्रीचा सर्वांत मोठा भाग इथे वाचतो किंवा बुडतो.

रिव्ह्यू लिहिणारा एक असतो, वाचणारे पुढचे शंभर. उत्तर वरवर त्या एकाला असते, पण खरे वाचक ते शंभर. चवथीच्या रात्री मी घाबरून सहाही जणांना हे चिकटवले होते: “प्रिय वापरकर्ते, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया ईमेलवर संपर्क साधा.” सहा वेळा तेच. वाचणाऱ्याला त्यातून एकच कळले, की इथे माणूस बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बदलून असे लिहिले: “चूक आमची. परवाच्या अपडेटनंतर रेंज नसलेल्या ठिकाणी आरत्या उघडत नव्हत्या. आज दुपारच्या अपडेटमध्ये दुरुस्त केले आहे. एकदा वाय-फायवर ॲप उघडा, मग पुढे रेंज लागणार नाही. पैसे परत हवे असतील तर कळवा, लगेच देतो.”

गुगल प्लेवर उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांबण लावायला जागाच नाही. क्रम असा ठेवा: काय बिघडले, केव्हा दुरुस्त झाले, आता काय करायचे, पैशांचे काय. एका रिव्ह्यूला एकच उत्तर देता येते, पण ते नंतर बदलता येते. म्हणून आधी “पाहतोय, आज रात्रीपर्यंत सांगतो” एवढे टाका आणि दुरुस्ती झाली की तेच उत्तर बदला. तुम्ही उत्तर दिले की लिहिणाऱ्याला गुगलकडून ईमेल जाते आणि तो आपला रिव्ह्यू व स्टार बदलू शकतो. ॲपलवरही मार्च २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.३ पासून उत्तर देता येते.

स्टार वाढवा, अशी विनवणी उत्तरात करू नका. भीक मागितल्यासारखे दिसते. दुरुस्त झाले की बरेच जण आपणहून बदलतात.

भाषेचेही पाहा. आपल्याकडे एकाच ॲपखाली मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, हिंदी आणि इंग्रजी रिव्ह्यू येतात. ज्याने ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत, त्याच लिपीत उत्तर द्या. रोमीत लिहिणाऱ्याला देवनागरीत उत्तर देऊन मी एकदा नसता वाद ओढवून घेतला. आरत्या राहिल्या बाजूला.

सहावी पायरी: मागा, पण वेळ बघून

समाधानी माणूस गप्प असतो, चिडलेला लगेच लिहितो. म्हणून न मागता रिव्ह्यू येऊ दिले तर चित्र मुळातच वाकडे राहते. मागावेच लागते.

त्यासाठी गुगलने ऑगस्ट २०२० मध्ये इन-ॲप रिव्ह्यूची सोय दिली. ॲपमधून बाहेर न जाता, समोर येणाऱ्या चौकटीतच स्टार देता येतात. नियम दोन लक्षात ठेवा. ही चौकट दाखवण्याआधी “ॲप आवडले का?” असे विचारून खूश असलेल्यांनाच पुढे पाठवायचे नाही. आणि ती “रेटिंग द्या” अशा बटणामागे ठेवायची नाही, कारण किती वेळा दाखवायची याची मर्यादा गुगल लावते आणि बटण दाबूनही काहीच झाले नाही तर माणूस आणखी चिडतो. ॲपलकडे ही चौकट एका माणसाला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळा दिसते, आणि तिथे स्वतः बनवलेली चौकट चालत नाही.

वेळ कोणती? आम्ही पहिल्या वर्षी ॲप तिसऱ्यांदा उघडताच मागायचो. म्हणजे नेमके आरती सुरू असताना, एका हातात फोन आणि समोर घुमटाचा ताल. “घालीन लोटांगण” म्हणताना मध्येच स्टार मागितले तर काय मिळणार? आता विसर्जनानंतर पुढच्या वेळी ॲप उघडले की विचारतो, तेही ज्याने निदान तीन आरत्या शेवटपर्यंत वाचल्या आहेत त्यालाच. होमस्टेचे ॲप असेल तर पाहुणा गेल्यावर बिल निघाले की विचारा. टॅक्सीचे असेल तर उतरल्यावर, बॅगा काढून झाल्यावर. काम पुरे झाल्याचा क्षण शोधायचा.

सातवी पायरी: विकत घेऊ नका

शंभर पाच-स्टार अमुक रुपयांत, असे संदेश व्हॉट्सॲपवर येतात. पुसून टाका. पैसे, सवलत किंवा कूपन देऊन मिळवलेली रेटिंग गुगलच्या धोरणात बसत नाहीत, रिव्ह्यू उडवले जातात आणि ॲपवरही गदा येऊ शकते. सरकारनेही लक्ष घातले आहे. भारतीय मानक ब्युरोचे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचे आयएस १९०००:२०२२ हे मानक २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. ते ऐच्छिक आहे, तरी वारे कुठल्या दिशेला आहे ते कळते.

मावसभावांनी एका रात्रीत दिलेले अकरा पाच-स्टार हाही त्यातलाच प्रकार. “खूप छान ॲप” अकरा वेळा वाचून कोणी ९९ रुपये काढत नाही.

आठवी पायरी: झुंड आली तर

एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटवर चिडलेल्या लोकांनी नावातल्या साम्यामुळे स्नॅपडीललाही एक-स्टार देऊन टाकले. मे २०२० मध्ये भारतात टिकटॉकचे रेटिंग लाखो एक-स्टारांनी तळाला गेले आणि गुगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकले. लहान ॲपवर इतके येत नाही, पण एखाद्या आरतीचा कर्ता कोण यावरून गावागावांत पेटले की पाच-दहा येतात. शिवीगाळ किंवा ॲपशी संबंध नसलेले रिव्ह्यू प्ले कन्सोलमधून कळवा. नुसते नकारात्मक म्हणून कोणी काढणार नाही, आणि काढूही नये. उत्तर एकदाच, शांतपणे द्या.

नववी पायरी: अपडेटचे पंचांग ठेवा

पॅगानो आणि मालेज यांनी २०१३ मध्ये ॲप स्टोअरवरच्या दहा लाखांहून अधिक रिव्ह्यूंचा अभ्यास मांडला. बहुतेक रिव्ह्यू नवी आवृत्ती आल्यावर लगेच येतात आणि मग झपाट्याने ओसरतात. म्हणजे तुम्ही अपडेट सोडता त्या दिवशी तुम्ही लोकांना बोलायलाच लावता. मग ते सणाच्या तोंडावर कशाला?

आमच्याकडे चवथीच्या तीन आठवडे आधी कुलूप. पर्यटनाचे ॲप असेल तर ऑक्टोबरनंतर मोठा बदल नको. जो काही बदल करायचा तो पावसाळ्यात करा, तसेही घरात बसायचे असते. सोडताना सगळ्यांना एकदम देऊ नका. प्ले कन्सोलमध्ये आधी थोड्या टक्के लोकांना देण्याची सोय आहे. दोन दिवस वाट पाहून मग वाढवा.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना नवे ॲप खुले करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. लोक याला कटकट म्हणतात. मी म्हणतो, हे बारा जण नीट निवडा. चाचणीत आलेला अभिप्राय खासगी राहतो, रेटिंगला धक्का लागत नाही. निदान एक जण सत्तरी तालुक्यातला घ्या, एक जुना फोनवाला, एक साठीच्या पुढचा, एक परदेशातला. सगळ्यांना सांगा: फोन विमान मोडवर टाकून पाहा. हे एवढेच मी त्या वर्षी केले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

ॲप बंद पडण्याचे प्रमाणही तपासत राहा. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्के किंवा अधिक जणांना ॲप बंद पडल्याचे दिसले, किंवा ०.४७ टक्के जणांना ते अडकून राहिल्याचे जाणवले, तर प्ले स्टोअरवर तुमचे ॲप लोकांसमोर येणेच कमी होऊ शकते. रिव्ह्यू येण्याआधीच विक्री गेली.

दहावी पायरी: मोजा, तिथीने

एक वही करा. आठवड्याला एक ओळ: तारीख, आवृत्ती, रेटिंग, वर दिसणारा पहिला रिव्ह्यू कोणता, पानावर किती आले, किती जणांनी इन्स्टॉल केले, किती जणांनी पैसे भरले. पानावर आलेले आणि घेऊन गेलेले हे दोन्ही आकडे प्ले कन्सोल देतो. रिव्ह्यूंचा परिणाम या दोहोंच्या मधल्या फटीत दिसतो. पानावर येणारे तितकेच आणि घेऊन जाणारे कमी, तर आधी पहिला रिव्ह्यू वाचा. येणारेच कमी झाले असतील तर कारण दुसरीकडे शोधा.

एक चूक मी दोन वर्षे केली. ऑगस्टची तुलना मागच्या ऑगस्टशी करत राहिलो. चवथ २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तारखेने पाहिले तर विक्री कधी आभाळाला, कधी खड्ड्यात. आता वहीत इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहितो आणि श्रावणाची तुलना श्रावणाशी करतो.

त्या कोकणी रिव्ह्यूवाल्याने चारेक महिन्यांनी आपले मत बदलले. एकाचे चार स्टार केले आणि खाली लिहिले: “आतां उगडटा. पूण अक्षरां ल्हान.” अक्षरे मोठी करण्याचे काम तिसऱ्या ढिगातून काढून सगळ्यात वर घेतले. पुढच्या श्रावणाच्या आत ते संपवायचे आहे.